धान्य हक्काचें, पहारा आपला
(भाईंदर येथें मीठगरवाले, कोळी, आगरी, कारागीर व मजूर कुटुंबांच्या सभेंत केलेलें भाषण)



दिवसभराचीं कामें आटोपून आपण येथें जमलां आहांत. कोणी होडी किनाऱ्याला लावून आलें आहे, कोणी रंधा-करवत ठेवून, कोणी भाजीची पाटी रिकामी करून. घरीं चुलीवर कांहीं शिजत ठेवून आलेल्या मायबहिणीही समोर दिसतात. तेव्हां लांबलचक प्रस्तावना करून आम्ही तुमचा वेळ खाणार नाहीं. विषय पोटाचा आहे आणि तो पोटाच्या भाषेंतच मांडूं.

आमच्या आळींत एक आजी आहेत. ऐन उमेदीचीं वर्षें त्यांनीं मीठगरांत काढलीं. खाऱ्या पाण्यांत हातपाय भिजवून मीठ ओढलें, पाट्या वाहिल्या. आज त्यांच्या बोटांवरच्या रेषा पार पुसून गेल्या आहेत. शिधावाटपाच्या दुकानांत आतां अंगठ्याचें यंत्र आलें आहे. आजींनीं अंगठा लावला, यंत्रानें तो ओळखला नाहीं. दुसरा लावला, तोही नाहीं. दुकानदार म्हणाला, "यंत्र घेत नाहीं, पुढच्या महिन्यांत या." पुढच्या महिन्यांत पुन्हां तेंच. तिसऱ्या खेपेस रिकामी पिशवी घेऊन परततांना त्या आमच्या ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "बाबांनो, मिठानें माझा अंगठा खाल्ला, आणि आतां अंगठ्यानें माझा भात खाल्ला."

हें ऐकून आम्हांस लाज वाटली. लाज आजींची नव्हे, आमची. कारण यंत्रानें अंगठा ओळखला नाहीं एवढ्यासाठीं कोणाचेंही धान्य अडवूं नये, दुसऱ्या मार्गानें ओळख पटवून तें द्यावें, असें केंद्र सरकारनें २०१७ सालींच राज्यांस कळविलें होतें. तो आदेश आम्हां चार शिकलेल्या लोकांस ठाऊक होता. परंतु तो आजीपर्यंत नेऊन पोंचविण्याचे कष्ट आम्हांपैकीं कोणीं घेतले नव्हते. दुसऱ्या दिवशीं आळींतल्या चार बाया आजींस घेऊन दुकानीं गेल्या. भांडल्या नाहींत, आरडाओरड केली नाहीं. "नकार द्यायचा तर कागदावर लिहून द्या," एवढेंच म्हणाल्या. लिहून देण्याची वेळ आली तेव्हां दुसरा मार्ग लगेच सांपडला. मोबाईलवर आलेला आंकडा यंत्रांत घातला आणि आजींचें धान्य पिशवींत पडलें.

आजचें आमचें सारें भाषण या एका गोष्टींत आलें. कायदा आहे, कोठारांत धान्य आहे, दुकान आहे, यंत्रही आहे. पण त्या साऱ्याच्या आणि आजींच्या पिशवीच्या मध्यें जी एक हाताची जागा उरते, ती समाजानें भरावयाची असते. सरकार कोठी भरूं शकेल, पण पहारा आपल्यालाच करावा लागेल.

ज्या भूमीवर आपण बसलों आहोंत तिचा थोडा विचार करा. भाईंदर, मिरें, नवघर, गोडदेव, खारी, काशी, घोडबंदर, राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन, पाली, चौक हीं सारीं एके काळीं मीठ, भात, भाजी आणि मासळी पिकविणारीं गांवें. भाईंदरच्या मिठानें कितीतरी घरांच्या ताटांत चव आणली. उत्तनचे बोंबील वाळवून दूरदूरच्या बाजारांत गेले. राई-मुर्ध्याची भाजी पाटींत बसून शहरांत गेली. १९८५ सालीं येथें नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजीं महानगरपालिका झाली. २००१ सालीं या शहरांत सुमारें ५ लाख २० हजार माणसें होतीं, २०११ च्या जनगणनेंत तीं ८ लाख ९ हजारांवर गेलीं. म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ तीन लाख तोंडें वाढलीं. इमारती उठल्या, आणि खाजणाच्या व शेताच्या कडेनें वस्त्या दाटल्या. ज्यांच्या आजोबांनीं दुसऱ्यांस अन्न पुरविलें, त्यांच्याच नातवंडांस आज महिनाअखेर तांदूळ मोजून शिजवावा लागतो. उत्तर हिंदुस्थानांतून, मराठवाड्यांतून, विदर्भांतून पोटासाठीं येथें आलेल्या मजुरांची स्थितीही तीच आहे. भुकेला जात, भाषा आणि मूळगांव नसतें. म्हणून पहारा करतांनाही तीं पाहूं नयेत.

आतां कोणी म्हणेल, फुकट धान्य मागणें ही लाचारी होय. त्यांस आमचें उत्तर इतिहासांतून आहे.

१८७७ च्या भयंकर दुष्काळांत जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं व सत्यशोधक समाजाच्या मंडळींनीं पुण्याजवळ धनकवडी येथें उपाशी लेंकरांसाठीं अन्नछत्र उभें केलें. मुलाची जात विचारून भाकरी वाढली नाहीं. हें समाजाचें काम झालें. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत शाहू छत्रपतींनीं कोल्हापूर संस्थानांत स्वस्त धान्याचीं दुकानें उघडलीं. हें राजसत्तेचें काम झालें. दोन्ही कामें एकाच गाडीचीं दोन चाकें आहेत. समाज झोंपला तर सरकारचें धान्य वाटेंत गळतें, आणि सरकारनें हात झटकले तर समाजाची झोळी चार दिवसांत रिकामी होते.

मुंबईंत शिधावाटप सुरू झालें तें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४३ सालीं. त्या वेळीं तें युद्धाच्या टंचाईवरचें औषध होतें. पुढें १९७२ चा दुष्काळ आला, भाव भडकले. तेव्हां आपल्याच रेल्वेच्या रुळावर असलेल्या गोरेगांवच्या मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या स्त्रियांनीं महागाईविरुद्ध हजारों गृहिणींस रस्त्यावर आणलें. हातांत शस्त्र कोणतें? लाटणें! ज्या हातानें पोळी लाटायची त्याच हातानें पिठाचा जाब विचारायचा. नंतर १९९० च्या पुढच्या दशकांत रेशनिंग कृती समितीनें मुंबईच्या वस्त्यांतील बायकांस दुकानांवर नजर ठेवण्यासाठीं उभें केलें. धान्य आलें कधीं, गेलें कोठें, त्यांत खडे किती, हें बाया विचारूं लागल्या. आज कायद्यांत जें लिहिलें आहे, तें अशा सामान्य बायांनीं आधीं रस्त्यावर विचारलें होतें.

तर तो कायदा काय आहे? २०१३ सालीं राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला व १ फेब्रुवारी २०१४ पासून तो महाराष्ट्रांत लागू झाला. अंत्योदय कुटुंबास महिन्याला ३५ किलो धान्य, आणि प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक माणसामागें ५ किलो, असें त्यांत ठरलें. प्रथम तांदूळ ३ रुपये, गहूं २ रुपये व भरड धान्य १ रुपया किलो होतें. १ जानेवारी २०२३ पासून तें मोफत झालें, आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढें पांच वर्षे तसेंच ठेवण्याचें केंद्र सरकारनें जाहीर केलें. हें कोणा पुढाऱ्याच्या खिशांतलें दान नव्हे. आपण काडेपेटी घेतों, साबण घेतों, कापड घेतों, त्या प्रत्येकांत सरकारचा कर भरतों. तोच पैसा धान्य होऊन परत येतो. मग तें घेण्यास मान खालीं कशाला घालायची? ताकाला जाऊन भांडें कशाला लपवायचें?

आतां थोडा हिशेब करूं. पांच माणसांच्या प्राधान्य कुटुंबास महिन्याला २५ किलो, म्हणजे वर्षाला तीन क्विंटल धान्य मिळावयास पाहिजे. बाजारांत किलोस ३५ रुपये भाव धरला, तर महिन्याचे ८७५ आणि वर्षाचे १०,५०० रुपये होतात. एवढ्यांत मुलांचीं पुस्तकें, गणवेश आणि म्हातारीचें औषध बसतें. आतां दुसरा हिशेब. दुकानांत प्रत्येक कार्डामागें फक्त एक किलो कमी मापलें, तर आपण म्हणतों, "जाऊं द्या, एका किलोसाठीं कोण भांडतो?" परंतु शंभर कार्डांत महिन्याला एक क्विंटल गेला आणि वर्षाला बारा क्विंटल! ज्याला आपण "जाऊं द्या" म्हणतों, तें कोठें जातें याचा विचार करा. सारेच दुकानदार तसे आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. प्रामाणिक दुकानदारास पहाऱ्याची भीति नसते, उलट त्याचें नांव होतें.

सरकारकडे आमचें गाऱ्हाणेंही आहे, आणि तें आम्ही उघडपणें मांडतों. प्राधान्य यादींत बसण्यासाठीं राज्यानें २०१३ सालीं शहरी कुटुंबाकरितां वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठरविली. बारानें भागा. महिन्याला पांच हजारही भरत नाहींत. भाईंदरच्या चाळींतील एका खोलीचें भाडें किती, हें तुम्हीच आम्हांस सांगा. ज्याची साऱ्या घराची कमाई पांच हजारांच्या आंत असेल, तो या शहरांत राहतो तरी कसा? म्हणजे नियम पाळूं म्हणणारा गरीब बाहेर राहतो, आणि कमाई कमी लिहून दाखला आणणारा आंत जातो. अशा मर्यादेनें सरकार गरिबाला खोटें बोलावयास शिकवितें. दुसरें असें कीं, महाराष्ट्राच्या शहरांतील सुमारें ४५ टक्के लोकांसच या कायद्यांत जागा आहे, आणि ती जागा मोजली २०११ च्या जनगणनेवर. २०२१ सालीं व्हावयाची जनगणना झालीच नाहीं. मधल्या काळांत जन्मलेलीं मुलें आणि बाहेरून आलेले मजूर मोजणार कोण? मिरें-भाईंदरसारख्या वेगानें वाढणाऱ्या शहरास हा जुना माप सर्वांत जास्त टोंचतो. लेंकरूं वाढलें, पण अंगरखा जुनाच राहिला! मर्यादा वाढवा आणि नवी गणना होतांच जागा वाढवा, हें मागणें आपण एकमुखानें केलें पाहिजे.

पण मागणें मान्य होईपर्यंत हात बांधून बसूं नका. आज जें कायद्यानें आपलें आहे तें तरी पदरांत पाडून घ्या. त्यासाठीं आम्ही सांगतों तें नीट ऐका.

पहिलें, कार्ड घरच्या बाईच्या नांवें करा. कायद्याच्या १३ व्या कलमाप्रमाणें घरांतील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री ही शिधापत्रिकेची कुटुंबप्रमुख असते. पुरुषमंडळींनीं यांत कमीपणा मानूं नये. चूल जिच्या हातीं, तिच्याच हातीं कार्ड शोभतें.

दुसरें, पावती घेतल्याशिवाय दुकान सोडूं नका. यंत्रांतून पावती निघते. पावतीवर किती लिहिलें आणि पिशवींत किती पडलें, हें घरीं वजन करून पाहा. कार्ड दुकानांत ठेवूं नका. दुकानदारानें कार्ड अडकवून ठेवणें नियमाविरुद्ध आहे.

तिसरें, दुकानाचा फलक वाचा. भाव, प्रमाण, साठा, दुकानाची वेळ आणि तक्रार कोठें करावी हें फलकावर लिहिणें, तसेंच धान्याचा नमुना ठेवणें दुकानदारास बंधनकारक आहे. स्वतःला वाचतां येत नसेल तर शाळेंतल्या मुलीस बरोबर न्या. तीच मुलगी मोबाईलवर सरकारचें संकेतस्थळ उघडून कोणत्या दुकानांत किती धान्य आलें आणि आपल्या कार्डावर किती वांटलें हें दाखवील. आपण मुलींस शाळेंत कां घालतों, याचें उत्तर त्या दिवशीं आजोबांस मिळेल.

चौथें, एका दुकानानें त्रास दिला तर दुसऱ्या दुकानीं जा. एक देश, एक शिधापत्रिका या योजनेनें ती मोकळीक दिली आहे. बिहारचा किंवा बीडचा मजूर आपल्या गांवच्या कार्डावर येथें धान्य घेऊं शकतो. ही योजना ३१ जुलै २०२१ पर्यंत सर्व राज्यांनीं लागू करावी, असें सर्वोच्च न्यायालयानें त्याच वर्षीं जूनमध्यें बजावलें होतें. शेजारच्या परप्रांतीय मजुरास हें सांगणें आपलें कर्तव्य आहे.

पांचवें, तक्रार तोंडी करूं नका. १९६७ या क्रमांकावर फोन करा, आणि शिवाय लेखी अर्ज देऊन पोंच घ्या. कायद्यानें जिल्हा तक्रार निवारण अधिकारी नेमला आहे व त्याच्यावर राज्य अन्न आयोग ठेवला आहे. हक्काचें धान्य मिळालेंच नाहीं तर रोख अन्न सुरक्षा भत्ता द्यावा, असें आठवें कलम सांगतें. निवारण अधिकाऱ्यानें सुचविलेली दाद ज्या सरकारी नोकरानें सबळ कारणाशिवाय दिली नाहीं, त्यास पांच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण कागदावर तक्रारच नसेल तर दंड कोणास आणि कशाचा?

सहावें आणि सर्वांत महत्त्वाचें, दक्षता समितींत शिरा. २९ व्या कलमानें राज्यापासून थेट प्रत्येक दुकानापर्यंत दक्षता समिती सांगितली आहे, आणि तींत स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, निराधार व अपंग यांस स्थान द्यावें असें स्पष्ट म्हटलें आहे. आपल्या दुकानाची समिती कोणती, तींत कोण आहेत आणि ती शेवटची कधीं बसली, हें शिधावाटप कार्यालयांत जाऊन विचारा. ती कागदावरच असेल तर ती जिवंत करा. दुकानाचें सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांसमोर हिशेब तपासणें, हेंही कायद्यांत आहे. आणखी एक गोष्ट ऐका. दुकानाचे परवाने देतांना स्थानिक स्वराज्य संस्था, बचतगट व सहकारी संस्था यांस प्राधान्य द्यावें आणि दुकानें स्त्रियांच्या हातीं सोंपवावीं, अशी दिशा या कायद्यानें दाखविली आहे. जो बचतगट पापड लाटून पै पैचा हिशेब ठेवतो, तो धान्याचा हिशेब ठेवूं शकणार नाहीं काय? नवा परवाना निघेल तेव्हां आपले गट अर्ज घेऊन तयार पाहिजेत.

आतां धान्यापलीकडचें थोडेंसें. नुसत्या भातानें अंग भरत नाहीं. भाताबरोबर डाळ पाहिजे, भाजी पाहिजे, मासळी पाहिजे. अंगणवाडींतला आहार आणि शाळेंतलें दुपारचें जेवण हाही मुलांचा त्याच कायद्यानें दिलेला हक्क आहे. महिन्यांतून एकदां आयांनीं शाळेंत जाऊन तें जेवण चाखून पाहावें. राज्यानें २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू केली, आणि टाळेबंदींत अनेक हातावरच्या पोटांस तिचा आधार झाला. अशा थाळीचें केंद्र जेथें मजूर उभा राहतो तेथें पाहिजे, आणि तें चालविणाऱ्या बायांचे पैसे वेळेवर मिळाले पाहिजेत.

भाजी व मासळी आपल्याला स्वस्तांत कोण पुरवितें? राई-मुर्ध्याची, उत्तनची आपलीच मावशी, जी पहाटे पाटी घेऊन रस्त्याच्या कडेला बसते. तिची पाटी उचलली गेली कीं तिचेंही पोट मारलें जातें आणि आपलेंही. २०१४ च्या फेरीवाला कायद्यानें सांगितलें आहे कीं, पाहणी पुरी होऊन प्रमाणपत्रें दिल्याशिवाय कोणाही फेरीवाल्यास हटवूं नये. नगर पथविक्रेता समितींत चाळीस टक्क्यांहून कमी नाहीं इतके सभासद फेरीवाल्यांनीं निवडलेले असावेत, आणि त्यांपैकीं एक-तृतीयांश स्त्रिया. मावशींनीं नांव नोंदवावें, मत द्यावें, उभें राहावें. २०१६ सालीं राज्यानें भाजीपाला व फळें बाजार समितीच्या बंधनांतून मोकळीं केलीं, आणि शेतकऱ्यांच्या आठवडे बाजारास सावता माळी यांचें नांव दिलें. असा बाजार आपल्या प्रत्येक प्रभागांत भरावा, मधला दलाल नसावा, पिकविणारा आणि खाणारा समोरासमोर यावेत, ही मागणी महानगरपालिकेपुढें ठेवूं.

शेवटीं दोन कडू शब्द आपल्यासाठीं. निवडणुकीच्या आधीं कोणी तांदळाची पिशवी दिली कीं आपण तिचा फोटो काढून घेतों, आणि महिन्याच्या हक्काच्या २५ किलोंची पावती मात्र चुरगाळून टाकतों. सणाची पिशवी सणापुरती असते. बारा महिन्यांची चूल पावतीवर चालते. आपल्यांतलेच कांहीं लोक मोफत तांदूळ विकून दारू पितात, तेव्हां गरिबाविरुद्ध बोलणाऱ्यास आपणच काठी देतों. आणि शेजारची विधवा, एकटा म्हातारा, खाडीकांठच्या झोंपडींतला परका मजूर, यांचें नांव यादींत आहे कीं नाहीं हें विचारण्यास आपल्याला वेळ नसतो. हें सोडा. रडल्याशिवाय आईही दूध पाजीत नाहीं म्हणतात, मग सरकार तर आई नव्हे. आणि ज्याला रडतांही येत नाहीं, त्याच्यासाठीं आपण ओरडलें पाहिजे.

म्हणून आमचें मागणें इतकेंच. प्रत्येक आळींतून पांच बाया पुढें याव्यात. महिन्यांत एक दिवस दुकानावर, एक दिवस अंगणवाडींत, आणि एक संध्याकाळ एकत्र बसून हिशेब. एक वही ठेवा. कोणास धान्य मिळालें, कोणास नाहीं, कां नाहीं, अर्ज कधीं दिला, उत्तर काय आलें, हें तींत लिहा. ती वही हाच आपला पुढारी. गांव करी तें राव न करी, ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं उगाच केली नाहीं.

आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर आमच्या आळींतल्या आजींचें नांव लिहा. अंगठा पुसला गेला तरी माणूस पुसलें जात नाहीं, हें त्यांच्या ताटांतला भात पुढच्या महिन्यांत पुन्हां सांगूं दे.